नाफड्यांचा भाद्रपद

यज्ञेश्वर नाफडे यांनी आयुष्यात हजारो गाड्या चालवल्या, पण ड्यूटीवर असताना त्यांतल्या एकीचीही शिटी त्यांनी कधी ऐकली नाही. झाशीच्या रेल्वे कंट्रोलमध्ये ते सेक्शन कंट्रोलर होते. कानाला फोन अडकवायचा, समोर चौकटींचा भलामोठा कागद पसरायचा आणि कुठली गाडी कुठल्या स्टेशनात थांबवायची, कुठली पुढे काढायची, हे पेन्सिलीच्या रेघांनी ठरवायचं, असं ते काम. खिडक्या बंद, पंखा चालू, आणि छातीत कायमची धडधड. भुसावळहून बदली होऊन ते झाशीत आले, तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं होतं, "भाईसाहब, आपको किस बात की चिंता है?" नाफडे म्हणाले, "कुठली सांगू?"

अशा माणसाला सात संस्थांचा अध्यक्ष कुणी केलं, हा प्रश्न झाशीत पुढे बरीच वर्षं विचारला गेला. उत्तर सोपं आहे. कुणीच केलं नाही, ते झाले.

त्या वर्षी श्रावणात बेतवेला पूर आला आणि एरचच्या पलीकडचं एक अख्खं गाव वाहून गेलं. माणसं वाचली, घरं गेली. एकसष्ट कुटुंबं ट्रॅक्टरमधून आणि बैलगाड्यांतून झाशीत आली आणि सीपरी बाजारामागच्या एका शाळेत उतरली. त्यांच्या मदतीला शहरातल्या सात संस्था धावल्या, आणि एकाच दिशेने धावल्यामुळे एकमेकींवर आपटल्या. पहिल्या दिवशी तीन ठिकाणांहून पुरी-भाजी आली, दुसऱ्या दिवशी एकाही ठिकाणाहून काही आलं नाही. कारण प्रत्येकीला वाटलं, आज दुसरी आणणार. तिसऱ्या दिवशी चारशे चादरी आल्या आणि एकही बादली नाही.

मग गुरुद्वाऱ्यात सभा भरली. सातांनी मिळून एक संयुक्त समिती करायची, इथवर एकमत झालं. अध्यक्ष कोण, यावर गल्ला मंडीच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, शेटजींचं नाव मिशनच्या सिस्टरना नको, सिस्टरांचं नाव रेल्वे युनियनला नको, युनियनचं कुणालाच नको. महाराष्ट्र मंडळातर्फे नाफडे कोपऱ्यात बसून, आपली चप्पल बाहेर आहे की गेली, या काळजीत होते. गुरुद्वाऱ्याच्या ग्यानीजींनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ये नाफडेजी हैं. न इनकी दुकान है, न इनको वोट चाहिए. और मराठी बोलते हैं, तो इनकी बिरादरी भी यहाँ गिनती की है."

टाळ्या पडल्या. नाफडे "अहो, पण" म्हणेपर्यंत त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

आणि गंमत अशी की त्यांनी ते काम उत्तम केलं. रेल्वेतला चौकटींचा कागद त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात चिकटवला. उभ्या रेघा तासांच्या, आडव्या सात संस्थांच्या. डाळ-भात कुठून निघाला, कधी पोचला, याची पेन्सिलीने रेघ. आणि रेल्वेचा एक कडक नियम त्यांनी समितीला लावला. फोनवर निरोप घेणाऱ्याने तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा आणि आपला ठरलेला गुप्त आकडा सांगायचा, तरच निरोप पोचला असं समजायचं. शेटजींसारखा माणूस, जो घरच्यांचं म्हणणंही दोनदा ऐकत नसे, तो फोनवर शाळकरी पोरासारखा घोकायचा, "कल दोपहर बारह बजे, तीन बोरी आटा, दो पीपे तेल, नंबर बयालीस." मिशनच्या सिस्टर तर त्या आकड्यावर इतक्या खूश झाल्या की चर्चमध्ये प्रार्थनेनंतरही त्यांच्या तोंडून एकदा "सत्तावन" निघून गेलं.

घरी मात्र नाफडे या समितीबद्दल अक्षर बोलत नसत. त्यांची बायको लीला ही झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचे वडील नारायणराव कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांच्या घरात मराठी, हिंदी आणि बुंदेली या तिन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जात. समिती स्थापन झाल्याचं ऐकून लीलाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या वाट्याला एक सासू आली, तुम्ही सात करून घेतल्यात." तेव्हापासून नाफड्यांनी तो विषय उंबऱ्याबाहेर ठेवला. एवढी एक चूक त्यांनी केली नसती, तर पुढची झाली नसती.

शाळा काही कायमची मिळणार नव्हती. प्राचार्य रोज व्हरांड्यात येऊन कागदावरच्या रेघा बघत आणि उसासा टाकत. तेव्हा समितीने बबीना रोडवर एका ट्रस्टचं मैदान मिळवलं, तंबू गोळा केले, पाण्याचा टँकर ठरवला. एकसष्ट तंबू, एकसष्ट कुटुंबं, सगळा गाव एकत्र. नाफडे हे सांगायला शाळेत गेले, तेव्हा गावाच्या वतीने बेटीबाई पुढे आली. वय सत्तर, डोक्यावर पदर, हातात विडी, आणि नाव बेटीबाई.

"मैदान तो नीको है, बाबूजी," ती म्हणाली. "पै सावन में नईं हलहैं. भुजरियाँ बो दईं."

खेळाचं सामान ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत तिने त्यांना नेलं. फुटबॉल आणि हॉकीच्या काठ्या एका बाजूला सारून तिथे पानांच्या द्रोणांत शाळेच्या बागेतली माती भरली होती आणि त्यात गहू पेरले होते, याच त्या भुजरिया. पिवळे कोंब बोटभर आले होते. नागपंचमीनंतर पेरायचे, अंधारात ठेवायचे, रोज पाणी घालायचं आणि भादों, म्हणजे भाद्रपद, लागला की तळ्यावर नेऊन धुवायचे, कोंब एकमेकांना द्यायचे, गळाभेट घ्यायची. बुंदेलखंडात हे घरोघर होतं. घर गेलं म्हणून सण थोडाच जातो? आणि एकदा पेरल्यावर मधेच दुसऱ्या जागी हलवायचं नाही.

"भादों लगहै, ऊ दिना चलहैं. पक्की बात," बेटीबाई म्हणाली.

नाफडे मान डोलावून घरी गेले. स्वयंपाकघराच्या दाराला पंचांग टांगलेलं होतं. दरवर्षी भुसावळहून त्यांचा भाऊ ते पोस्टाने पाठवत असे. नाफड्यांनी बोट ठेवून पानं उलटली. श्रावण, श्रावण, श्रावण, अमावास्या, आणि मग भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. सप्टेंबरची सात तारीख. म्हणजे अजून वीस दिवस! पण नियम तो नियम. त्यांनी सातही संस्थांना फोन केले. "स्थलांतर सात सप्टेंबरला." सातांनी परत म्हणून दाखवलं, "सात सप्टेंबर," आणि सात आकडे दिले. निरोप इतका बिनचूक पोचला की त्यात एका अक्षराचा फरक नव्हता.

आता फक्त सरकारकडून वीस दिवस मिळवायचे राहिले होते.

उपजिल्हाधिकारी तरुण होता, अलाहाबादकडचा, टेबलावर काचेखाली घोड्याचा फोटो ठेवणारा. "बीस दिन?" तो म्हणाला. "नाफडेजी, ये राहत शिविर है या बारात? स्कूल बुधवार दोपहर बारह बजे तक खाली चाहिए."

"साहेब, लोगों का त्योहार है," नाफडे म्हणाले. घाबरले की त्यांची हिंदी मराठीत शिरत असे.

"त्योहार तो साल भर हैं. आपकी समिति ले जाए तो ले जाए. नहीं ले जा सकती तो बुधवार को पुलिस आएगी और हम अपने हिसाब से रखेंगे. मेरे पास पाँच पंचायत भवन खाली हैं."

त्याने नकाशावर पाच ठिकाणी पेन ठेवलं. एक समथरच्या दिशेला, एक बबीनाच्या पुढे, बाकीची तीन, तीन वेगळ्या वाटांना. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दिवस लागला असता. बारा कुटुंबं इथे, बारा तिथे. नदीने घरं नेली होती, गाव अजून शिल्लक होतं. ते आता नकाशावर पाच ठिपके होऊन पडलं.

तिथून पुढचे पाच दिवस नाफडे झोपले ते बसल्या जागी आणि जेवले ते उभ्याने. प्राचार्यांच्या हातापाया पडून झालं. दुसरी शाळा पाहून झाली, तिचं छप्पर गळत होतं. त्यांनी अर्ज केले, अर्जांच्या नकला केल्या, नकलांवर सह्या घेतल्या. बेटीबाईला जाऊन पुन्हा विचारायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. म्हाताऱ्या बाईला सणावरून घासाघीस करायला लावायची, ही कल्पनाच त्यांना नको वाटे. शिवाय पाच ठिपक्यांची गोष्ट तिला कुठल्या तोंडाने सांगणार? सोमवारी कंट्रोलमध्ये त्यांनी एका मालगाडीला दोन तास उगाच थांबवून ठेवलं. स्टेशनमास्तर फोनवर म्हणाला, "नाफडे साब, इस बेचारी का क्या कसूर है?"

मंगळवारी राखीपौर्णिमा. मराठी घरात नारळीपौर्णिमा. लीलाबाईंनी नारळीभात केला होता, वर केशर, बेदाणे. नाफडे ताटावर बसले आणि भाताचे बरोबर पाच ढीग करून त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय करताय?" लीलाबाई म्हणाल्या.

"काही नाही."

"भाताच्या वाटण्या काय करताय? पुरे झालं आता. आठ दिवस बघतेय, आरशात बघून दाढी करायची विसरता. काय झालंय?"

आणि नाफड्यांचा बांध फुटला. शाळा, बुधवार, पोलीस, पाच पंचायत भवनं, सगळं बाहेर पडलं. "मी मागितले ते दिवस कुणी देत नाही गं. उद्या दुपारी बारा वाजता ती माणसं पाच ठिकाणी फेकली जातील. आणि ती माझ्यामुळे."

"पण तुम्हाला एवढे दिवस हवेत कशाला?"

"भाद्रपद लागेपर्यंत. त्यांच्या भुजरियांसाठी."

लीलाबाईंच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला.

"कुणाचा भाद्रपद?"

"कुणाचा म्हणजे? भाद्रपद काय प्रत्येकाचा वेगळा असतो?"

"अहो!" लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "बारा वर्षं झाली झाशीत! इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. आज त्यांचा सावन संपला. भादों उद्या लागतोय. उद्या सकाळी! तुम्ही जे वरचे पंधरा दिवस मागत फिरताय ना, ते आपल्या भुसावळच्या पंचांगातले आहेत."

नाफडे उठले. हात धुवायचे विसरले. सायकलवर बसल्यावर उजव्या हँडलला नारळीभात लागलेला त्यांना दिसला, पण तो पुसायला वेळ नव्हता. शाळेपर्यंतच्या वाटेत त्यांना एकच गोष्ट छळत होती. सात संस्थांकडून, शेटजींकडून, सिस्टरांकडून त्यांनी प्रत्येक निरोप परत म्हणवून घेतला होता. जिला हलायचं होतं, तिला मात्र एकदाही विचारलं नव्हतं, "बाई, भादों म्हणजे कुठली तारीख?"

"कल सबेरे," बेटीबाई म्हणाली. "और कबै? काए बाबूजी, का भओ?"

नाफड्यांनी जे झालं ते सांगितलं, पाच ठिपक्यांसकट. तिने विडी विझवली. मग म्हणाली, "तुमाए घरै सावन इत्तो लंबो काए खों आउत?" पण हसली नाही. आत वळून तिने बायकांना काहीतरी सांगितलं आणि खोलीत एकदम कुजबुज माजली.

घड्याळात दीड वाजला होता. बुधवार दुपारचे बारा, म्हणजे साडेबावीस तास.

प्राचार्यांच्या खोलीतला फोन नाफड्यांनी पोटाशी धरला. पहिला फोन शेटजींना, कारण ट्रक त्यांचे.

"नाफडेजी, ट्रक तो सब कानपुर गए," शेटजी म्हणाले. "आपने सात सितंबर कहा. मैंने दोहराया भी था. नंबर भी दिया था."

"हां, दिया था. मेरी गलती है, शेटजी." आणि नाफड्यांनी पंचांगाची सगळी गोष्ट सांगितली.

मग शेटजी जे हसायला लागले ते थांबेचनात. "मतलब आप मराठों का महीना भी मालगाड़ी है! पंद्रह दिन लेट!"

ग्यानीजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एक बात बताइए, नाफडेजी. चाँद तो आप लोग वही देखते हैं न, जो हम देखते हैं?"

"तोच, ग्यानीजी. ट्रक हैं क्या?"

"देखते हैं."

"देखते हैं नको ग्यानीजी, हां या ना बोलिए."

गुरुद्वाऱ्याच्या संगतीत चार ट्रकवाले होते. संध्याकाळपर्यंत त्यांचे चार ट्रक जमले. सहा हवे होते. युनियनवाल्यांनी पाचवा आणला, तो कुठून आणला ते विचारायचं नाही, या अटीवर. सहाव्यासाठी सिस्टर स्वतः मिशनच्या रुग्णवाहिकेत बसून आल्या. "ट्रक नहीं है, ये है. बूढ़े और बच्चे इसमें."

बुधवारी सकाळी सात वाजता शाळेत ना गडबड ना घाई. नाफडे सहा वाजल्यापासून फाटकाशी उभे. सव्वासातला बायका डोक्यावर द्रोण घेऊन निघाल्या, गात, एकामागून एक, आंतिया तालाकडे. पाठोपाठ बाप्ये, मुलं, म्हातारे. अख्खी शाळा रिकामी झाली, पण सामान आत आणि माणसं तळ्यावर.

"कब तक आओगी?" नाफड्यांनी मागून ओरडून विचारलं.

"आहैं," बेटीबाई मान न वळवता म्हणाली.

आठ वाजले. नऊ वाजले. ट्रकवाले चहा पिऊन कंटाळले. दहाला नाफडे सायकलवरून तळ्याकडे गेले. कोंब धुऊन कधीच झाले होते. आता गावकरी ते वाटत परत येत होते, आणि रस्त्यात जो भेटेल त्याला कोंब देऊन, गळाभेट घेऊन, मगच पुढे. भाजीवाला भेटला, गळाभेट. पानवाला भेटला, गळाभेट. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी तर रांग लागली होती. एका म्हाताऱ्याने नाफड्यांना पकडून सायकलसकट मिठीत घेतलं आणि त्यांच्या कानामागे पिवळा कोंब खोचला. आजच्या दिवशी भेटायचं नाकारलं, तर वर्षभराचं वैर राहतं, असं त्याने समजावून सांगितलं. नाफडे मिठीतूनच मनगट वर करून घड्याळ बघत होते.

साडेअकराला पोलिसांची गाडी शाळेशी येऊन थांबली. बारा शिपाई, एक दरोगा. पावणेबाराला जीपमधून उपजिल्हाधिकारी उतरला.

"खाली हुआ?" त्याने विचारलं.

"होईल. म्हणजे हो जाएगा, साहब. वो आ रहे हैं."

"बारह बजे मैं दूसरी व्यवस्था शुरू करूँगा."

बाराला पाच मिनिटं असताना गल्लीच्या टोकाला गाणं ऐकू आलं. तीनशे माणसं, सावकाश. फाटकाशी पोचली आणि थांबली, कारण समोर पोलीस उभे होते. कुणीतरी एक शब्द वाकडा बोललं असतं, तर तिथेच सगळं संपलं असतं.

बेटीबाई पुढे आली. तिने पहिल्या शिपायापुढे कोंब धरला.

शिपाई गोंधळला. तो एरचकडचाच होता, चेहऱ्यावरून कळत होतं. त्याने लाठी काखेत धरली, कोंब घेतला, वाकून तिच्या पायांना हात लावला. मग मागचा. मग त्याच्यामागचा. दरोगाने खाकरून पाहिलं, पण त्याच्या गळ्यात आधीच एक म्हातारा पडला होता. पाच मिनिटांत बंदोबस्ताची रांग मोडून सगळे एकमेकांना भेटत होते आणि बारा कधी वाजून गेले ते फक्त दोघांना कळलं, नाफड्यांना आणि उपजिल्हाधिकाऱ्याला.

बेटीबाई त्याच्यापुढेही उभी राहिली.

तो अलाहाबादकडचा. त्याने नाफड्यांकडे पाहिलं. "ये क्या है?"

"आज न लेने से साल भर का झगड़ा होता है, साहब," नाफडे म्हणाले. "और लेने से... चालीस मिनिट लगते हैं. सिर्फ चालीस."

त्याने कोंब घेतला. कानामागे खोचला नाही, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवला. मग जीपला टेकून घड्याळ काढलं. "चालीस," तो म्हणाला.

सामान भरायला बावन्न मिनिटं लागली. शिपायांनीही हात लावला, नाहीतर सत्तर लागली असती. शेवटच्या बारा मिनिटांत उपजिल्हाधिकारी जीपच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा होता, तिथून शाळा दिसत नव्हती. पाच ट्रक आणि रुग्णवाहिका बबीना रोडला लागली, तेव्हा नाफडे पहिल्या ट्रकच्या पुढच्या सीटवर हातात यादी धरून बसले होते आणि प्रत्येक वळणावर मागे वळून पाचच्या पाच ट्रक मोजत होते, आपण ज्यात बसलोय तो धरून.

मैदानावर तंबू उभारलेले होते, एक ते एकसष्ट, आकडे रंगवलेले. नाफड्यांच्या यादीत कोण कुठल्या आकड्यात हे लिहिलेलं होतं. बेटीबाईने यादीकडे पाहिलं सुद्धा नाही. ती मैदानात फिरली आणि हात करून सांगू लागली. लोहार इकडे, कारण गावात तो वेशीपाशी होता. तिची जाऊ तिच्या शेजारी. भांडणारे दोन भाऊ पाठीला पाठ लावून, गावात होते तसेच. नाफडे पेन्सिलीने खोडत, बाण काढत तिच्यामागे धावत होते. अर्ध्या तासात त्यांची यादी जाळ्यासारखी झाली आणि मैदानावर एक गाव दिसू लागलं.

मधेच एका तंबूवर बेटीबाईने हात ठेवला. "जो खाली रैहै."

"रिकामा कसा? खाली कैसे?" नाफडे दचकले. "एकसष्ट कुटुंबं, एकसष्ट तंबू."

"कुम्हार को है. बे औरें समथर गए हैं, नातेदारन के इतै. आहैं."

"कब?"

"आहैं," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

नाफडे यादी घेऊन उभे राहिले. एक तंबू रिकामा, म्हणजे एक कुटुंब उघड्यावर. ते कुटुंब त्यांच्यासमोरच होतं, गाठोड्यांवर बसून त्यांच्याकडे बघत, अगदी निश्चिंतपणे. आभाळ बबीनाच्या बाजूने काळं होत आलं होतं. आता न आलेल्या माणसांसाठी बासष्टावा तंबू मागायचा होता, आणि तो का हवा हे सात संस्थांना समजावून सांगायचं होतं. शेटजी विचारणार, कुम्हार आहे कुठे? सिस्टर विचारणार, किती दिवसांनी येणार? युनियनवाला म्हणणार, सभा बोलवा.

त्यांनी ट्रकवाल्याची सायकल मागून घेतली. जवळचा फोन बबीनाच्या बाजारात, साडेतीन किलोमीटर. पहिला थेंब त्यांच्या यादीवर पडला आणि लोहाराचं नाव फिकट झालं. नाफडे यादी शर्टाच्या आत घालून निघाले, आणि वाटेत पहिल्यापासून वाक्य जुळवू लागले, "शेटजी, एक तंबू पाहिजे... नाही, माणसं अजून आलेली नाहीत... हो, पण जागा त्यांचीच आहे..."